ब्रेक पॅड स्वतः बदलायला घेतले, डावी बाजू झाली, उजवीकडचा बोल्ट गोल झालाय

पहिलाच_पाना

मंडळी, आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे आणि वैतागून लिहितोय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. महिनाभर ब्रेक दाबला की पुढून किर्रर्र असा बारीक आवाज यायचा. शोधाशोध केल्यावर कळलं की पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि आवाज करते, ती त्यासाठीच दिलेली असते. आजवर मी गाडीचं स्वतः काही केलं असेल तर हवा भरणं आणि वायपरचं पाणी, बस. पण मागच्या सर्व्हिसिंगला मला सांगितलं होतं की ब्रेक उघडून साफ केलेत, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हा आवाज, म्हणून म्हटलं यावेळी आपण स्वतः बघायचंच. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला बोल्ट आवळला की टक्क वाजणारा पाना) आणला, दोन स्टँड आणले.

शनिवारी डावं चाक काढलं. स्टीअरिंग पूर्ण वळवून बोल्टची डोकी बाहेर आणली, खालचा बोल्ट काढला, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वर उचलला आणि पॅड हातात आले. बाहेरचा पॅड ७ मिमी शिल्लक आणि आतला जेमतेम २. एकाच चाकावरचे दोन पॅड! तिथेच बसून राहिलो थोडा वेळ बघत. मग सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला दाबणारा दट्ट्या) हळूहळू आत ढकलला, नवीन पॅड बसवले, बोल्ट टॉर्कला आवळला, तो रेंचचा टक्क आवाज आला तेव्हा खरं सांगतो, इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. तीन तास लागले पण एकेक गोष्ट का करतोय ते कळत होतं.

रविवारी उजवी बाजू. मला वाटलं आता काय, तासाभराचं काम. खालचा बोल्ट हलेचना. पान्याला पाइप लावून जोर दिला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली, परत लावला, परत सटकला, आणि आता १४ मिमीचा बोल्ट जवळपास गोल झालाय, रिंग पाना नुसता फिरतो त्याच्यावर. संध्याकाळपर्यंत तेच. शेवटी चाक परत लावून ठेवलंय आणि गाडी उभी आहे.

दोन प्रश्न. एक, हा बोल्ट काढायचा कसा. दुसरा जरा मोठा आहे, तुम्ही लोक हे वर्षानुवर्षं करता, तुम्हाला हे खरंच परवडतं का, म्हणजे वेळ, मनस्ताप, घरच्यांचा रविवार? शनिवारी मी म्हणत होतो यापुढे सगळं आपणच करायचं. रविवारी रात्री वाटलं की पाने पिशवीत भरून कुणालातरी देऊन टाकावे.

गंजलेला_नट

पाने देऊ नकोस, आधी बोल्ट काढू.

पहिला प्रश्न, राग मानू नको, तू बोल्ट कुठल्या दिशेने फिरवत होतास? विचारतोय कारण कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनचे बोल्ट गाडीच्या आतल्या बाजूने लागतात आणि आपण उभे असतो बाहेर. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवलं की सैल होतो, पण तूच बाहेरून डिस्कच्या वरनं हात घालून फिरवतोयस तर तुला तीच दिशा उलटी दिसणार. डावीकडे तू स्टीअरिंग वळवून डोकी समोर आणलेलीस म्हणून बरोबर झालं. उजवीकडे आणली होतीस का? मी स्वतः एकदा अर्धा तास आवळत बसलो होतो आणि वाटत होतं की गंज आहे.

आता उपाय. तुझा रिंग पाना १२ कोनी असणार. तो बोल्टला फक्त कोपऱ्यांवर धरतो, कोपरे झिजले की संपलं. ६ कोनी सॉकेट घे, ते सपाट बाजूंवर बसतं. १४ चं सैल बसत असेल तर १३ चं ६ कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसव. त्याआधी गंज सोडवणारं ऑइल बोल्टच्या मुळाशी मार आणि रात्रभर ठेव, पण पॅड आणि डिस्कला फडकं गुंडाळ, तिथे एक थेंब गेला तरी नवीन पॅड फुकट. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच सरळ ठोके दे, जोरात नाही, आट्यांमधला गंज हादरला पाहिजे एवढंच. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडवायच्या, असं मागेपुढे. एकदम पाइप लावू नको. आणि बोल्टच्या मागे जी पिन असते ती बोल्टबरोबर फिरते, तिला पातळ पान्याने धरावं लागतं, ते धरत होतास ना?

हे करूनही नाही आला तर गोल बोल्ट काढायची वेगळी सॉकेटं मिळतात, आतून उलटे आटे असलेली, ती जितकी फिरवशील तितकी बोल्टमध्ये रुततात.

तेही नाही जमलं तर मागचे दोन मोठे ब्रॅकेटचे बोल्ट काढ, १७ किंवा १९ चे असतील. पूर्ण कॅलिपर ब्रॅकेटसकट डिस्कवरून निघेल, मग तो बाहेर व्हाइसमध्ये धरून आरामात मारामारी कर. फक्त कॅलिपर ब्रेकच्या पाइपला लटकू देऊ नको, तारेने स्प्रिंगला बांध. पाइप बाहेरून ठीक दिसतो पण आतून फाटतो.

कसाही निघाला तरी तो बोल्ट परत लावायचा नाही. नवीन आण.

काळे_हात

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण पहिल्याला वरती चांगलं मिळालंय.

माझी गाडी एक दिवस सुरू होईना. किल्ली फिरवली की कट्ट असा एकच आवाज आणि शांतता. कधी चौथ्या वेळेला सुरू व्हायची, कधी नाही. मी काय केलं, बॅटरी बदलली. आठवडा ठीक, परत तेच. मग सगळे म्हणाले सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला असणार, तर सेल्फ काढला, गाडीखाली आडवा पडून, डोळ्यात माती, वरचा बोल्ट दिसत नाही फक्त बोटांना लागतो, तीन एक्स्टेन्शन जोडून तो काढला, नवीन सेल्फ बसवला, पाच तास गेले. चार दिवसांनी परत कट्ट. त्या दिवशी मी बोनेट उघडं टाकून घरात निघून गेलो आणि दोन दिवस गाडीकडे बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी एका जाणत्या माणसाने फोनवर एक प्रश्न विचारला, 'पार्ट बदलायच्या आधी तू मोजलंस काय?' काहीच मोजलं नव्हतं. त्याने सांगितलं मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, तारेच्या क्लिपवर नाही तर खुद्द शिशाच्या खांबावर, दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. तिथे पाव व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. मला ३ च्या वर दिसलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फ ठणठणीत, आणि दोघांच्या मधे इंजिनच्या अर्थ पट्टीतच (इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या तारेत) तीन व्होल्ट खाल्ले जात होते. पट्टी बाहेरून छान दिसत होती. बोल्ट काढला तर खाली हिरवट पांढरी भुकटी. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चमकेपर्यंत घासल्या, परत आवळली, आणि गाडी अर्ध्या फिरकीत सुरू. वीस मिनिटांचं काम होतं.

हेडलाइट लख्ख लागायचे म्हणून मला अर्थचा संशयच आला नव्हता. बॉडीची अर्थ तार वेगळी, इंजिनची वेगळी, आणि दिव्याला दहा अँपिअरच्या आसपास पुरतात तर सेल्फ शंभराच्या वर ओढतो. मी त्या पट्टीला आधी कंटिन्युइटी (तार सलग आहे का ते) लावून बघितली असती तरी मीटर टुंई वाजला असता. वाजणारच, दोन धागे जरी टेकत असले तरी मीटर वाजतो. लोड आला की खरं काय ते कळतं.

तर परवडतं का? त्या दोन बदललेल्या पार्टचा हिशोब केला तर नाही परवडलं. पण त्यानंतर मी एकही पार्ट अंदाजाने बदललेला नाही. इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१७१ आला, लोक म्हणाले ऑक्सिजन सेन्सर बदल. कोड काय सांगतो तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय, तो पार्टचं नाव सांगत नाही. मी कान लावून बसलो तर इनटेकच्या मागे बारीक फुस्स ऐकू येत होतं, बोटाएवढी व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली. ती चीर बोटाखाली लागली ना, तो आनंद मी तुला लिहून सांगू शकत नाही.

तुझे ते ७ आणि २ मिमी. त्याचं कारण शोधलंस का? डावीकडे नवीन पॅड बसवलेस पण आतलाच का झिजला ते सापडलं नाही तर नवीनही तसाच झिजणार. पिन बघ.

फक्त_फिल्टर

मी जरा वेगळं सांगते. मी आठ वर्षं स्वतः काम केलं आणि आता बहुतेक सोडलंय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

माझं झालं ते स्पार्क प्लगवरून. चार पैकी तीन छान बसले, चौथा दोन फेरे गेला आणि जड झाला, मला वाटलं कार्बन असेल, पाना लावून आवळला. आटे वाकडे बसले होते. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, कोण हरणार ते ठरलेलंच. नवीन आट्यांची गुंडाळी बसवून ते हेड वाचलं, पण ते काम मी नाही केलं, माझ्या हातून झालंच नसतं. नंतर एकाने युक्ती शिकवली ती इथे सांगून ठेवते, प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचायचा आणि नळीनेच प्लग फिरवत आत न्यायचा, आटे वाकडे गेले तर नळी सटकते, हाताला जोर लावताच येत नाही. पाना फक्त शेवटी.

त्या दिवशी मी घाईत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गाडी लागणार होती. आजही मला वाटतं चूक तिथे झाली, हातात नाही. ज्या गाडीशिवाय उद्या अडणार आहे ती आज संध्याकाळी उघडायची नाही, एवढा एकच नियम मी ठेवलाय.

आता मी एअर फिल्टर, केबिन फिल्टर, बॅटरी, बल्ब, वायपर एवढंच करते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. इतकं केलं तरी गाडी आपली वाटते. बाकीचं ज्याला येतं त्याला देते, पण आता मला काय विचारायचं ते कळतं, आणि जुना पार्ट मी मागून घेते, बघायला. तुला घरच्यांचा रविवार महत्त्वाचा वाटत असेल तर वाटू दे की. त्यासाठी पाने टाकून द्यायची गरज नाही.

पहिलाच_पाना

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. @गंजलेला_नट, दिशेचं वाचलं आणि पोटात गोळा आला. उजवीकडे स्टीअरिंग वळवलं नव्हतं. उद्या सकाळी बघतो.

गॅरेजवाला_काका

बाळा, मी बावीस वर्षं हेच काम करतोय, पोटापाण्यासाठी. माझ्याकडे अर्धवट उघडलेल्या गाड्या येतात आणि मी कधी कुणाला बोललो नाही. उघडून तरी बघितलं, बाकीचे आवाज वाढला की गाण्याचा आवाज वाढवतात. फक्त एक सांगतो, बोल्ट पूर्ण गोल व्हायच्या आत आणलात तर दहा मिनिटांचं काम, सगळे कोपरे गेल्यावर आणलात तर वेल्डिंग करून नट चिकटवावा लागतो आणि शेजारी रबर असतं.

गॅसची ज्योत लावायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. पाइप रबरी, पिस्टनचं सील रबरी, आत ब्रेक ऑइल. आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं द्रावण असतं, ते तापलेल्या धातूवर पडलं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. क्लीनर मारला की पूर्ण सुकू द्या, आणि गरम करायच्या कामाच्या आसपास तो डबा ठेवूच नका.

गाडी सपाट, कडक जमिनीवर. मागच्या चाकांना पुढून मागून ठोकळे. जॅक फक्त उचलायला, मग वजन स्टँडवर, आणि अंग आत घालायच्या आधी गाडी हाताने ढकलून बघायची हलते का. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही, कितीही अनुभवी असला तरी.

काम झालं की गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल पंप करायचं. तू पिस्टन आत ढकललायस, पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जाणार, चार-पाच दाबांनी कडक होईल. हे विसरून गाडी मागे घेतली आणि भिंतीला लागली, अशा दोन गाड्या मी दुरुस्त केल्यात. पिस्टन ढकलताना वर बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल चढतं ते बघत राहा, सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग खातं. पुढे कधी मागे डिस्क असलेल्या गाडीचं काम घेतलंस तर थांबून मॅन्युअल बघ, बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो, आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.

घरी करू नये असंही थोडं आहे. शॉकॲबची स्प्रिंग दाबून काढणं, ती सुटली तर माणूस जातो. एअरबॅग. एसीचा गॅस. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी तारा. टायमिंग बेल्ट नवख्याने करू नये, बऱ्याच इंजिनांत एक-दोन दात चुकले तरी इंजिनातला पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो आणि मग इंजिन उघडायचं. बाकी करा, शिका, हात काळे झाल्याशिवाय गाडी कळत नाही.

आणि पिन बघ. आतला पॅड झिजला म्हणजे कॅलिपर सरकत नाहीये. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनवर सरकून बाहेरच्याला ओढतो. पिन अडकली की बाहेरचा नुसता बसून राहतो.

पहिलाच_पाना

तीन दिवसांनी लिहितोय, झालं काम.

दिशा उलटीच होती. रविवारी सगळा दिवस मी तो बोल्ट आवळत होतो, पाइप लावून. कळल्यावर आधी खूप राग आला आणि मग हायसं वाटलं, कारण म्हणजे गंज नव्हता, माझ्यात ताकद कमी नव्हती, मी चुकीच्या बाजूने बघत होतो. स्टीअरिंग वळवलं, डोकं समोर आलं, ऑइल मारून रात्रभर ठेवलं, १३ चं सॉकेट ठोकून बसवलं, पिन पातळ पान्याने धरली आणि लांब दांड्याने हळू जोर दिला. टण्ण आवाज आला, मला वाटलं तुटला, पण सुटला होता.

मग काकांनी सांगितलं म्हणून पिना बाहेर काढल्या. उजवीकडची वरची छान सरकत होती, खालची निघता निघेना, फिरवत फिरवत काढली तर पूर्ण कोरडी, तपकिरी गंज, आणि तिचं रबरी बूट फाटलेलं. पाणी तिथूनच आत गेलं असणार. डावी बाजू परत उघडली, हो, झालेलं काम परत उघडलं, तिथेही खालची पिन तशीच. ब्रेक साफ केलेत असं मला ज्यांनी सांगितलं होतं त्यांनी पिना काढल्याच नव्हत्या, इतका गंज काही महिन्यांत येत नाही. पिना आणि बुटांचा नवीन संच आणला, भोकं बारीक ब्रशने साफ केली, ब्रेकचंच सिलिकॉनचं ग्रीस पातळ लावलं, साधं ग्रीस रबर फुगवतं हे मॅन्युअलमध्ये वाचलं होतं. आता कॅलिपर एका बोटाने पुढे मागे सरकतो. हे बोटाने सरकवणं मी दहा वेळा तरी केलं असेन.

नवीन बोल्ट, टॉर्कला. पेडल पंप केलं, चौथ्या दाबाला कडक. मग नवीन पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगातून १० पर्यंत असे आठ ब्रेक मारले, मध्ये गार होऊ दिले, पूर्ण थांबलो नाही. आवाज नाही. आणि गाडी ब्रेक मारताना किंचित डावीकडे ओढायची, मला ते रस्त्याचं वाटायचं, तेही गेलं! ती कदाचित वर्षभर तशी ओढत होती आणि मी स्टीअरिंग सवयीने सावरत होतो.

मुलगी सात वर्षांची आहे, ती टॉर्च धरून बसली होती उजव्या चाकाच्या वेळी, तिला पिस्टन म्हणजे काय ते सांगितलं. घरच्यांच्या रविवारचं मी लिहिलं होतं वर, तो प्रश्न निदान निम्मा सुटला. निम्मा अजून आहे, एकूण मोजलं तर साडेअकरा तास गेलेत.

टाकीतलं ब्रेक ऑइल काळपट दिसतंय, कधी बदललं होतं आठवत नाही. टाकीच्या झाकणावर डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलंय. पुढच्या आठवड्यात ते घेऊ का अंगावर?

गॅरेजवाला_काका

घे. ते ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ ला निदान २३० अंशापर्यंत उकळायचं नसतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते, उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. टाकीच्या झाकणावर जो आकडा आहे तोच आण, आणि डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं वेगळंच असतं. बाटली नवीन, सीलबंद, उघडून ठेवलेली नाही.

गंजलेला_नट

निपल (कॅलिपरवरची जुनं ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी) सोडवायला ६ कोनीच पाना वापर, आणि या वेळी आधी दिशा बघ 🙂 माणसं दोन लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. पेडलवर मुलीचा पाय पोचणार नाही, मोठं कुणीतरी बसव. त्या माणसाला आधी नीट समजावून सांग, निपल बंद करून मी 'सोड' म्हणेपर्यंत पाय वर घ्यायचा नाही, नाहीतर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. टाकी रिकामी होऊ देऊ नकोस मधे. मुलीला टाकीवर लक्ष ठेवायला बसव, रेघेखाली गेलं की ओरडायचं.